ब्रिटिश माणूस कसा असतो? आपले समज, खरी परिस्थिती आणि तिकडे जाणाऱ्यांसाठी काही सूचना



मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. यंदा एका तासाला पाठ बाजूला ठेवला आणि फळ्यावर दोनच शब्द लिहिले, 'ब्रिटिश माणूस'. मुलांना म्हटलं, डोक्यात येईल ते बोला. पाच मिनिटांत फळा भरला. गोरा, उंच, टोपीवाला, हातात छत्री, सतत चहा पिणारा, कमी बोलणारा, शिस्तीचा, गर्विष्ठ, बेचव खाणारा. एकजण म्हणाला, 'लगान'मधल्या कॅप्टनसारखा. वर्गातल्या एकानेही आजवर ब्रिटिश माणसाशी पाच मिनिटं बोललेलं नव्हतं. तरी सगळ्यांना सगळं माहीत होतं!

यालाच आपण ठोकळेबाज समज म्हणतो. एका मोठ्या समाजाला एकाच साच्यात बसवायचं आणि पुढे प्रत्येक माणूस त्याच साच्यातून पाहायचा. आपण हसून सोडून देतो. मीही सोडून दिलं असतं, पण माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या अनुभवामुळे मला हा विषय नीट मांडावासा वाटला.

एक फोन आणि माझी चूक

ही मुलगी आमच्याच शाळेची. इंग्रजीत कायम पुढे. पदवीनंतर उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात शिकायला गेली. तिच्या पहिल्या मोठ्या निबंधाचा कच्चा मसुदा मार्गदर्शक प्राध्यापकांनी वाचला आणि शेरा दिला, 'क्वाइट गुड'. खाली एक ओळ होती, दुसऱ्या भागाकडे तुम्हाला कदाचित पुन्हा एकदा पाहावंसं वाटेल. पोरगी खूश! 'क्वाइट गुड' म्हणजे अगदी छान, आणि पाहावंसं 'वाटेल' म्हणजे वाटलं तर पाहा. तिला वाटलं नाही. निबंध तसाच दिला आणि जेमतेम पास झाली.

तिचा रात्री फोन आला. "बाई, एवढं वाईट होतं तर त्यांनी तोंडावर का नाही सांगितलं?" वडिलांनी तर निकालच लावला होता, "इंग्रज असेच. पोटात एक, ओठांत एक. दीडशे वर्षं आपण पाहिलेच आहेत."

नंतर तिने धीर करून प्राध्यापकांनाच विचारलं, तर ते चकित झाले. त्यांच्या मते त्यांनी अगदी स्पष्ट सांगितलं होतं! ब्रिटिश बोलण्यात 'क्वाइट गुड' म्हणजे बहुतेक वेळा 'बरं आहे, पण अजून हवं'. आणि 'तुम्हाला पाहावंसं वाटेल' म्हणजे 'हे बदलाच'. मी वर्गात 'क्वाइट' म्हणजे 'अगदी' असं पाठ करून घेतलं होतं. तो अर्थही आहे, पण दुसरा अर्थ मी कधी सांगितलाच नाही. म्हणजे चूक ना त्या प्राध्यापकांच्या स्वभावाची, ना मुलीच्या हुशारीची. अडचण बोलण्याच्या रीतीची होती, आणि ती शिकवता येते.

म्हणून हा लेख. आधी काही प्रसिद्ध समज तपासू, मग तिकडे जाणाऱ्यांसाठी सूचना पाहू.

समज १ : ते सगळे 'इंग्रज'

आपण सरसकट 'इंग्रज' म्हणतो. पण युनायटेड किंग्डम या देशात चार भाग आहेत : इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. इंग्रज म्हणजे फक्त इंग्लंडचा. स्कॉटलंडच्या माणसाला 'इंग्लिश' म्हटलं तर तो बहुधा लगेच दुरुस्ती करेल. डब्लिन ज्याची राजधानी आहे तो आयर्लंड तर वेगळा स्वतंत्र देश आहे. तिथल्या माणसाला 'ब्रिटिश' म्हणणं ही मोठीच चूक.

गंमत म्हणजे आपल्या इतिहासातले कितीतरी 'इंग्रज' इंग्रज नव्हतेच. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, त्यांच्यानंतर आलेले जॉन माल्कम, १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारे ग्रँट डफ आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन हे सगळे स्कॉटिश!

मुलांना क्रिकेटवरून लवकर समजतं. 'इंग्लंड'च्या संघात इंग्लंड आणि वेल्सचे खेळाडू असतात, स्कॉटलंडचा संघ वेगळा. फुटबॉलमध्ये तर चौघांचे चार संघ.

आणि 'गोरा' म्हणाल, तर २०२१ च्या जनगणनेनुसार लंडनमधल्या दर १० माणसांपैकी सुमारे ४ जणांचा जन्म देशाबाहेर झालेला आहे. लेस्टर शहरात आशियाई वंशाच्या लोकांचा गट सर्वांत मोठा आहे. ऑक्टोबर २०२२ ते जुलै २०२४ या काळात पंतप्रधान होते ऋषी सुनक. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून आहे. तेव्हा 'टिपिकल ब्रिटिश' शोधायला निघालात, तर समोर एखादी गुजराती बोलणारी आजीही येऊ शकते.

समज २ : तिथे कायम पाऊस आणि धुकं

आता आकडेच पाहा. लंडनला वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात ७०० च्या वर पडतो. मुंबईत तर एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त! मग छत्रीची एवढी ख्याती का? कारण आपला पाऊस चार महिन्यांत धो धो कोसळून मोकळा होतो. तिकडचा बारा महिने थोडा थोडा, भुरभुर येत-जात राहतो. सकाळचं ऊन पाहून बाहेर पडलेला दुपारी भिजतो. म्हणूनच हवा हा त्यांचा बोलण्याचा कायमचा विषय. अर्थात स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या डोंगरांत खरोखर भरपूर पाऊस असतो. तिथे लंडनचा आकडा लावू नका.

धुक्याची गोष्ट वेगळी आहे. शेरलॉक होम्सच्या गोष्टींमुळे आपल्या डोळ्यांसमोर जे लंडनचं दाट धुकं येतं, त्यात मोठा वाटा कोळशाच्या धुराचा होता. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस असं विषारी धुकं साचलं आणि त्यात हजारो माणसं दगावली. त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि ते धुकं हळूहळू इतिहासजमा झालं. कारण संपलं, समज मात्र राहिला. उलट १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं!

समज ३ : चहा, चहा आणि चहा

हे बरंचसं खरं आहे. पण चहा मुळात त्यांचा नव्हे. तो चीनमधून आला. १६६२ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याचं पोर्तुगालच्या राजकन्येशी, कॅथरीनशी, लग्न झालं. तिला चहाची सवय होती आणि तिच्यामुळे दरबारात चहाची प्रतिष्ठा वाढली. याच लग्नात आंदण म्हणून मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडे आलं. पुढे १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. एकाच लग्नाने त्यांना चहाची गोडी लावली आणि आपली मुंबई दिली!

आजचा रोजचा चहा म्हणजे मगात टी बॅग, वर गरम पाणी, थोडं गार दूध. आलं-वेलची नाही, उकळणं नाही. कॉफी पिणारेही भरपूर. आणि एक फसवा शब्द लक्षात ठेवा : उत्तर इंग्लंडमध्ये अनेक घरांत 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. वर सांगितलेली आमची मुलगी शेजारच्या आजींकडे 'टी'ला गेली, ती खोलीवर पोटभर जेवून. तिथे टेबलावर पूर्ण ताट मांडलेलं! बिचारीने दुसऱ्यांदा जेवण केलं.

समज ४ : त्यांचं जेवण बेचव

या समजालाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४० पासून तिथे अन्नाचं रेशनिंग सुरू झालं, ते जुलै १९५४ पर्यंत चाललं. लोणी, साखर, मांस, अंडी सगळं मोजून मिळायचं. एक पिढी अशा स्वयंपाकावर वाढली आणि नाव पडलं ते पडलं. पण आपल्या चवीचं तिथलं वास्तव्य त्याहून खूप जुनं आहे. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी १८१० मध्ये लंडनमध्ये भारतीय पदार्थांची खानावळ काढली होती. आणि २००१ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्याला खरी ब्रिटिश राष्ट्रीय डिश म्हटलं. शाकाहारी मुलांच्या आयांनो, काळजी नको. दुकानांत शाकाहारी पदार्थांवर तसं लिहिलेलं असतं आणि बहुतेक हॉटेलांत पर्याय मिळतो.

समज ५ : ते थंड, आखडू आणि वरवर गोड

हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. मुलं यातच अडकतात, म्हणून इथे जरा थांबू या.

ब्रिटिश माणूस अनोळखी माणसाशी पटकन सलगी करत नाही, हे बऱ्याच अंशी खरं. आगगाडीत शेजारी बसलेला तुमचं गाव, पगार, लग्न विचारणार नाही. आपल्याला हा आखडूपणा वाटतो. त्याच्या दृष्टीने तो तुम्हाला त्रास न देण्याचा शिष्टाचार असतो. धक्का लागला तर ज्याला लागला तोच 'सॉरी' म्हणतो. केट फॉक्स या मानववंश-अभ्यासक बाईंनी २००४ च्या आपल्या पुस्तकासाठी मुद्दाम लोकांना धक्के देऊन पाहिले, तेव्हा बहुतेकांनी उलट त्यांचीच माफी मागितली.

दुसरी गोष्ट म्हणजे सौम्य करून बोलणं. मोठी गोष्ट लहान करून सांगायची रीत. याची किंमत कधी फार मोठी असते. कोरियाच्या युद्धात एप्रिल १९५१ मध्ये इमजिन नदीवर एका ब्रिटिश पलटणीला चिनी सैन्याने वेढलं. त्यांच्या ब्रिगेडियरने अमेरिकन सेनापतीला परिस्थिती 'जरा चिकट' आहे अशा अर्थाचं काही सांगितलं. ब्रिटिश कानाला याचा अर्थ 'संकट आहे, मदत पाठवा'. अमेरिकन कानाला 'थोडी अडचण आहे, निभावेल'. मदत वेळेत पोहोचली नाही आणि त्या पलटणीचे पाचशेहून अधिक सैनिक कैद झाले, असा हा प्रसंग सांगितला जातो. दोघांचीही भाषा इंग्रजीच होती, हे विसरू नका!

वर्गात मी आता अशी यादी देते :

• 'नॉट बॅड' : चांगलंच आहे.
• 'क्वाइट गुड' : ठीक आहे, अजून सुधारा.
• 'व्हेरी इंटरेस्टिंग' : आवाजाकडे लक्ष द्या, कदाचित पटलेलं नाही.
• 'यू माइट वॉन्ट टू...' : हे कराच.
• 'विथ रिस्पेक्ट' : तुमचं म्हणणं मला मान्य नाही.
• 'यू ऑलराइट?' : नुसता नमस्कार. तब्येतीची हकीकत सांगत बसू नका.
• 'यू मस्ट कम राउंड समटाइम' : तारीख आणि वेळ ठरेपर्यंत हे आमंत्रण नव्हे.

शंका आली तर सरळ, नम्रपणे विचारावं, "म्हणजे मी हे बदलू का?" असं विचारल्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

आता म्हणाल, 'हा तर वरवरचा गोडवा!' मग आपलं काय? आपण घराबाहेर पडताना 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणत नाही. परक्याला वाटेल हा आत्ता परत येणार. 'या एकदा घरी' आपण किती जणांना म्हणतो आणि त्यातले किती यावेत अशी अपेक्षा असते? नाही म्हणायचं असलं की 'बघू', 'जमवू' म्हणतो. आपल्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो, कारण आपण त्यात वाढलो. त्यांची रीतही तशीच, फक्त आपण तिच्यात वाढलेलो नाही.

आपण त्यांना उद्धट का वाटतो?

ही बाजू शिक्षकांनी जरूर सांगावी. मराठीत नम्रता क्रियापदात असते. 'पाणी द्या', 'जरा सरकता का?' यात आदर आहेच, वेगळं 'प्लीज' लागत नाही. 'कृपया' तर आपण रेल्वेच्या घोषणेत ऐकतो! घरच्यांचे आभार मानणं आपल्याला परकेपणाचं वाटतं. पण 'पाणी द्या'चं शब्दशः इंग्रजी केलं की 'गिव्ह मी वॉटर' होतं. 'द्या'मधला आदर वाटेतच गळून पडतो आणि उरतो हुकूम. ज्या मुलाला घरी सगळे नम्र म्हणतात, तोच तिकडे उद्धट ठरतो, आणि त्याला हे कुणी सांगतही नाही, कारण सांगणं त्यांच्या शिष्टाचारात बसत नाही.

म्हणून 'कुड आय हॅव...', 'वुड यू माइंड...' ही वाक्यं केवळ व्याकरणाचे दोन गुण म्हणून शिकवू नका. पाठांतर नको, वर्गात दुकानदार-गिऱ्हाईक खेळ घ्या. तोंडात बसली पाहिजेत.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सूचना

१) रांग मोडू नका. बसथांबा, दुकान, बँक, सगळीकडे. पबमध्ये रांग दिसत नाही, तरी आधी कोण आलं हे सगळ्यांच्या लक्षात असतं. तिथे काउंटरवर जाऊन मागावं लागतं. दारू न पिता नुसता ज्यूस घेतला तरी चालतं, गप्पांना जरूर जावं.

२) लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा. डावी बाजू घाईत असलेल्यांसाठी मोकळी ठेवतात.

३) वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. झेब्रा पट्ट्यांवर पायी चालणाऱ्यासाठी गाडी थांबते. ती थांबल्यावर मगच पुढे व्हा. हॉर्न सहसा वाजवत नाहीत.

४) बसमधून उतरताना चालकाला 'थँक्यू' म्हणण्याची पद्धत बऱ्याच गावांत आहे. पाळा, बरं वाटतं.

५) दिलेली वेळ पाळा. कुणाच्या घरी आधी न कळवता जाऊ नका. जाताना चॉकलेट किंवा फुलं असं छोटं काहीतरी न्यावं.

६) पगार, वय, धर्म, 'लग्न का नाही केलं' हे प्रश्न टाळा. हवेपासून सुरुवात करा, हमखास जमते.

७) हॉटेलात बिलात सेवाशुल्क धरलेलं आहे का ते पाहा. नसेल तर साधारण दहा टक्के टिप देतात.

८) नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं. विजेचा दाब आपल्याएवढाच, पण प्लगच्या पिना चौकोनी असतात, म्हणून अडॅप्टर न्या.

९) तातडीच्या संकटात ९९९ हा क्रमांक लावा. शिकायला जाणाऱ्यांनी व्हिसाबरोबर आरोग्य शुल्क भरलेलं असतं, तेव्हा पोहोचल्या आठवड्यातच जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक डॉक्टरांकडे, नाव नोंदवा. आजारी पडल्यावर धावपळ नको.

१०) आणि पालकहो, अंधाराची कल्पना मुलांना आधी द्या. डिसेंबरमध्ये लंडनला दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. नवीन जागा, थंडी, अंधार आणि 'इथले लोक थंडच' हा समज एकत्र आला की मूल खोलीतच बसून राहतं. फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणतं. तेव्हा 'जेवलास का?' एवढंच विचारू नका, 'आज कुणाशी बोललास?' हेही विचारा.

पुन्हा वर्गात

फळा भरल्यावर मी मुलांना दुसरा प्रश्न विचारला : "पुणेकर कसे असतात?" पुन्हा हशा! दुपारी एक ते चार झोपणारे, पाट्या लावणारे, 'जेवूनच आला असाल ना?' विचारणारे. वर्गात एक मुलगी पुण्याहून बदली होऊन आलेली आहे. ती म्हणाली, "बाई, माझी आजी तर कुणाला जेवल्याशिवाय सोडतच नाही." वर्ग गप्प झाला. मग मी फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "यातलं किती पुसायचं?" मुलं पुढे आली आणि एकेक शब्द पुसू लागली. 'चहा' तेवढा ठेवला!

आमची ती मुलगी पुढे चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. शेवटच्या प्रबंधावर त्याच प्राध्यापकांनी लिहिलं होतं, 'नॉट बॅड ॲट ऑल'. तिने मला त्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बाई, या वेळी अर्थ कळला."

आपल्याही वर्गात हा तास घेऊन पाहा. मुलांना कोणते लोक कसे असतात हे शिकवण्याऐवजी, समोरच्याचं बोलणं कसं समजून घ्यायचं हे शिकवलं, तर ती जगात कुठेही गेली तरी उपयोगी पडेल.